मनाशी बोलणारी बहिणा

बहिणाबाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी येतात त्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी. साहजिकच आहे. शाळेच्या पुस्तकात त्या भेटल्या, जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या आपल्याबरोबर असतात, जळगावच्या विद्यापीठाला आता त्यांचं नाव आहे. पण त्या जन्मल्या १८८० साली. त्यांच्याही अडीचशे वर्षं आधी आणखी एक बहिणाबाई होऊन गेली. संत तुकारामांची शिष्या. आपल्याकडे सप्ताहात, कीर्तनात तिचं नाव निघतं, पण बऱ्याचदा दोघींची गल्लत होते. मध्यंतरी आमच्या कोल्हारला भजनाला जमलेल्या बायकांमध्येही हाच घोळ झाला. एकीने संत बहिणाबाईंचं नाव घेतलं आणि दुसरीने लगेच अरे संसार, संसारची आठवण काढली! मग वाटलं, या पहिल्या बहिणाबद्दल एकदा सविस्तर लिहावंच.

कारण मैत्रिणींनो, या बाईने केलेलं एक काम तिच्या आधी मराठीत कुठल्या बाईने केलेलं दिसत नाही. तिने आपल्या आयुष्याची कहाणी स्वतः, जन्मापासून क्रमाने सांगितली. अभंगांत सांगितली. जनाबाईच्या, सोयराबाईच्या अभंगांत त्यांचं जगणं डोकावतं, पण आईबाप कोण, गाव कोणतं, लग्न कधी झालं, मार कशासाठी खाल्ला, त्या रात्री मनात काय काय येऊन गेलं, हे सगळं ओळीने सांगणारी ही पहिलीच. अभ्यासक या भागाला आत्मनिवेदन म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर स्वतःला समोर बसवून घेतलेली झाडाझडती.

बहिणाचा जन्म १६२८ सालचा. गाव देवगाव, वेरूळच्या जवळचं. आज त्याला देवगाव रंगारी म्हणतात, कन्नड तालुक्यात येतं. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. लग्नानंतर पुष्कळ दिवस मूलबाळ नव्हतं, म्हणून दोघांनी अनुष्ठान केलं आणि मग ही मुलगी झाली. नवसाची पोर. पाठीवर दोन भाऊ झाले. घर खाऊनपिऊन सुखी, वडिलांकडे गावचं कुलकर्णीपद.

तिसऱ्या वर्षी तिचं लग्न लागलं. हो, तिसऱ्याच. नवरा शिऊरचा गंगाधर पाठक, वय तीस, बिजवर. शास्त्र जाणणारा, ज्योतिष सांगणारा माणूस. त्या काळात यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पुढे आयुष्याची गोष्ट सांगताना बहिणानेही नवऱ्याला नावं ठेवून सुरुवात केलेली नाही. उलट तो गुणी, विद्वान होता असंच ती सांगते. हे आत्ताच लक्षात ठेवायला हवं, कारण हाच माणूस पुढे तिला दोरीने बांधून मारणार आहे, आणि तेही ती तितक्याच सरळपणे सांगते.

ती नऊ वर्षांची असताना माहेरावर संकट आलं. भाऊबंदकी आणि कर्ज! वडिलांवर अटकेची पाळी आली. जावई मदतीला धावून आले आणि एका रात्री सगळ्यांनी गाव सोडलं. आई, वडील, दोन धाकटे भाऊ, नवरा आणि बहिणा. गोदावरीच्या काठाकाठाने, पुढे भीमेकडे. भिक्षा मागत, मुक्काम करत. पंढरपूर झालं, शिखर शिंगणापूर झालं. मग रहिमतपूरला बरेच दिवस राहिले. तिथून कोल्हापूर. तोवर बहिणाला अकरावं वर्ष लागलं होतं.

या दोन वर्षांच्या वणवणीत त्या मुलीच्या कानावर काय काय पडलं असेल, याचा विचार मनात येतो. देवळाच्या ओवरीत मुक्काम, रात्री कुठे कथा, कुठे पुराण. शाळा नाही, घर नाही, खेळायला मैत्रिणी नाहीत. तिला खेळापेक्षा कथाकीर्तनच आवडायचं, असं ती सांगते. भिक्षेवर दिवस काढणाऱ्या मुलीला फुकट मिळण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती, असंही म्हणता येईल.

कोल्हापुरात हिरंभट नावाच्या विद्वान ब्राह्मणाच्या घरी त्यांना आसरा मिळाला. घरात वेदपठण चालायचं, गावात जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तनं व्हायची. जयरामस्वामी तुकोबांचे अभंग गात. तुकोबा तेव्हा देहूत हयात होते, त्यांचे अभंग माणसांच्या तोंडून गावोगाव पोचत होते. तिथेच एक कपिला गाय वासरासह बहिणाच्या घरी आली. वासराला तिचा असा लळा लागला की ती पाण्याला निघाली की ते मागे, ती कीर्तनाला निघाली की ते मागे. तिच्या हातून चारा दिला तरच खायचं. लेकरू नसलेल्या, स्वतःच लेकरू असलेल्या मुलीचं ते पहिलं लेकरू.

एका रात्री कीर्तनाला गर्दी फार होती. वासरू अडचण करतं म्हणून लोकांनी त्याला बाहेर हाकललं. ते बाहेर हंबरायला लागलं आणि ही आत रडायला लागली. जयरामस्वामींच्या कानावर गेलं. त्यांनी वासराला आत आणवलं आणि त्याच्या व बहिणाच्या मस्तकावर हात ठेवला. झालं, गावभर चर्चा! कोण ही मुलगी, स्वामी तिला एवढं काय मानतात? कुणीतरी गंगाधरपंतांचे कान भरले. घरी आल्यावर त्यांनी तिला वेणीला धरून मारलं, बांधून ठेवलं. गाय आणि वासरू दोघांनीही चारापाणी सोडलं. काही दिवसांत वासरू मेलं. बहिणा बेशुद्ध पडली.

नवरा का चिडला, याचा बहिणाने नंतर शांतपणे विचार केलेला दिसतो. तो वेद शिकलेला, ज्योतिष जाणणारा, आणि लोक विचारतात कुणाला, तर त्याच्या अकरा-बारा वर्षांच्या बायकोला. त्यात ही नाव घेते तुकोबांचं. तुकोबा वाण्याचं दुकान चालवलेले कुणबी. ब्राह्मणाच्या बायकोने त्यांना गुरू मानायचं, म्हणजे नवऱ्याच्या डोक्यात दोन्ही अंगांनी काटा. एक बाईपणाचा, एक जातीचा. आज घरात असा मार पडला तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, तक्रार करता येते. बहिणाजवळ माहेरसुद्धा नव्हतं, कारण माहेर त्याच घरात, त्याच्याच आधाराने राहत होतं. आईवडील समोर होते आणि काही करू शकत नव्हते. ही गोष्ट मला त्या माराइतकीच जड वाटते.

बेशुद्धीत तिला विठ्ठल दिसला आणि मग तुकोबा दिसले. तिने त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. तुकोबांनी डोक्यावर हात ठेवला आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला, असं ती सांगते. साल १६४०, कार्तिक महिना. स्वप्नातल्या या दीक्षेचं काय मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मला वाटतं, बहिणाच्या आयुष्याचा खरा कस त्या स्वप्नानंतर लागला.

झालं असं, की ती शुद्धीवर आली आणि लोक तिला बघायला यायला लागले. गंगाधरपंतांचा संताप आणखी वाढला. बायकोच्या पाया पडायला लोक येणार आणि आपण कोपऱ्यात बसून बघणार? त्यांनी ठरवलं, हिला इथेच तिच्या आईबापांकडे सोडायचं आणि आपण तीर्थयात्रेला निघून जायचं. परत यायचंच नाही.

आता बारा वर्षांच्या त्या मुलीने काय करावं?

आपल्याकडच्या संतकथांची एक ठरलेली वाट असते. संकट आलं की भक्त देवाला हाक मारतो आणि देव धावतो. बहिणाने सांगितलेली गोष्ट या वाटेने जात नाही. ती थांबते आणि आधी स्वतःशी बोलते. नवरा गेला तर मी कोण? माझी जात, माझं कूळ, माझं घर, सगळं त्याच्या नावावर आहे. शास्त्र सांगतं बाईचा धर्म म्हणजे नवऱ्याची सेवा. वेदाचा अधिकार बाईला नाही. मग मला जे दिसलं, ते मला दिसण्याचा तरी अधिकार होता का? या विचारात ती इतकी खोल उतरते की एका टप्प्यावर मनाशी असंही म्हणते, पंढरीचा देव दगडाचा आणि तुकोबा तर स्वप्नातले. त्यांच्यासाठी समोर असलेला माणूस मी का गमवावा?

दोन मिनिटं इथे थांबा. ही बाई पुढे संत म्हणून पूजली गेली. ही गोष्ट तिने नंतर, मोठेपणी रचली. तिला हा भाग सहज गाळता आला असता. माझा विठ्ठलावरचा विश्वास कधी डळमळलाच नाही, असं सांगितलं असतं तर कोण तपासायला बसलं होतं? पण तिने तो क्षण ठेवला. आपण घाबरलो होतो, आपण हिशेब मांडला होता, आपण देवालाही तागडीत घातलं होतं, हे तिने पुढच्यांना कळू दिलं. आत्मपरीक्षण आत्मपरीक्षण आपण म्हणतो, ते करताना बहुतेक जण आपला चांगला फोटो निघेल अशाच बाजूने बसतात. बहिणा तशी बसली नाही.

तिने ठरवलं नवऱ्याच्या सेवेत राहायचं. आजच्या वाचकांना हे खटकेल. आमच्या इथल्या कॉलेजातल्या एका मुलीला मी ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, मग ही बंडखोर कसली? बरोबर आहे तिचं. बहिणाला बंडखोर ठरवायची घाई आपणही करू नये. पतिव्रतेने कसं वागावं याचे अभंगसुद्धा तिने रचले आहेत आणि ते वाचताना आज अवघडल्यासारखं होतं. पण एक गंमत बघा. नवऱ्याला सोडणार नाही असं तिने ठरवलं, तुकोबांना सोडते असं मात्र कुठेच म्हटलं नाही. एक सोडलं तरच दुसरं मिळेल हा नवऱ्याने घातलेला पेच होता. तिने पेच सोडवला नाही, तसाच ठेवला आणि दोन्ही धरून बसली. घरात राहून स्वतःचं काहीतरी जपणाऱ्या किती बायका हेच करत आल्या आहेत! संसाराच्या डब्यांमागे लपवलेली एखादी वही, दुपारी दोन ते चार एवढीच मिळणारी शिवणाची किंवा वाचनाची वेळ. कुणाला दिसत नाही, पण ती असते.

पुढे जे घडलं ते तिच्या शब्दांवर विश्वास ठेवून सांगते. निघायच्या वेळीच गंगाधरपंत आजारी पडले. अंगाचा दाह, ताप, औषध लागू पडेना. कित्येक दिवस बहिणाने रात्रंदिवस उशाशी बसून त्यांची सेवा केली. आजारपणात माणूस विचार करतो. तुकोबांची निंदा केली, निरपराध बायकोला मारलं, त्याचं हे फळ असेल का, असं त्यांच्या मनात यायला लागलं. बरे झाले तेव्हा ते बदललेले होते. आणि गंमत म्हणजे देहूला जायचं त्यांनीच ठरवलं. सगळं बिऱ्हाड, आईवडील, भाऊ आणि वासरू गमावलेली ती गाय घेऊन निघालं.

देहूत बहिणाने तुकोबांना पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं. स्वप्नात दिसलेले तेच हे, अशी तिची खात्री पटली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. तुकोबांना डोळ्यांनी पाहिलेल्या, त्यांचं कीर्तन कानांनी ऐकलेल्या फार थोड्या लोकांनी मागे काही शब्द ठेवले आहेत. बहिणा त्यांतली एक. त्यामुळे तुकोबांच्या चरित्राचा अभ्यास करणाऱ्यांना आजही या बाईच्या अभंगांकडे यावंच लागतं.

देहूतही सुख लगेच मिळालं नाही. मंबाजी गोसाव्याने या कुटुंबाने आपलं शिष्य व्हावं म्हणून आग्रह धरला. यांनी तुकोबांचं नाव सांगितलं. मंबाजीचा जळफळाट झाला. ब्राह्मण असून शूद्राला गुरू करता, यांना वाळीत टाका, अशी ओरड त्याने सुरू केली. एवढ्यावर भागलं नाही म्हणून त्याने गाय पळवून कोंडून ठेवली आणि तिला बेदम मारलं. त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, असं बहिणा सांगते. मुक्या जनावरावर राग काढायची ही रीत जुनीच म्हणायची. बहिणाच्या आयुष्यात ती दोनदा आली.

देहूतच तिला मुलगी झाली. काशी. पुढे मुलगा झाला, त्याचं नाव विठ्ठल. संसार वाढला, कामं वाढली. दिवसभर कीर्तन ऐकायचं सुख आता कुठलं मिळायला! आणि याच काळातले तिचे अभंग सगळ्यात काळोखे आहेत. बाईचा देह म्हणजे पराधीनपण, मोकळं कुठे जाता येत नाही, मनातलं कुणाशी बोलता येत नाही, ना धड संसार ना धड परमार्थ. जीव द्यावा असंसुद्धा तिच्या मनात आलं. तेही तिने सांगितलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी, हातात लेकरू असलेल्या बाईला असं वाटू शकतं, हे कुणी ऐकून घेतलं असेल का? आज बाळंतपणानंतर येणाऱ्या उदासपणाबद्दल डॉक्टर बोलतात, आपण वाचतो. तेव्हा असल्या मनःस्थितीला नावसुद्धा नव्हतं. बहिणाने नाव दिलं नाही, पण लपवलंही नाही.

यातून ती बाहेर कशी आली? एका झटक्यात नाही. तिने काही दिवस मौन धरलं. पुन्हा तुकोबा तिला दिसले आणि त्यानंतर शब्द सुचायला लागले, असं ती सांगते. म्हणजे आपल्याशीच चाललेलं बोलणं अभंगाच्या रूपाने बाहेर पडायला लागलं. १६५० साली तुकोबा गेले. त्या दुःखात तिने अन्न सोडलं होतं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. बावीस! आपल्याकडच्या मुली या वयात डी.एड., बी.एड.चे फॉर्म भरत असतात. एवढ्या वयात तिचं गाव सुटलं होतं, मार खाऊन झाला होता, गुरू मिळून गेला होता आणि मागे पन्नास वर्षांचं आयुष्य उरलं होतं.

त्या पन्नास वर्षांबद्दल ती फारसं काही सांगत नाही. शिऊरला, म्हणजे नवऱ्याच्या गावी, ती स्थायिक झाली. घटना कमी, विचार जास्त. याच काळातल्या तिच्या विचारांतून दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात.

एक म्हणजे तिने वज्रसूची मराठीत आणली. वज्रसूची हा संस्कृतातला छोटा ग्रंथ आहे. त्यात एकच प्रश्न धरून ठेवला आहे, ब्राह्मण म्हणायचं कुणाला? देहाला म्हणावं तर देह सगळ्यांचे सारखेच, गोऱ्याकाळ्यावरून काही ठरत नाही. जन्माला म्हणावं तर कितीतरी ऋषी कुठल्या कुठल्या पोटी जन्मले. विद्येला म्हणावं तर विद्या इतरांनाही येते. असं एकेक उत्तर पुसत पुसत शेवटी म्हटलं आहे, की ज्याने ब्रह्म जाणलं तो ब्राह्मण. हे बहिणाने अभंगांत घातलं. तिच्या जागी उभं राहून पाहा. कुलकर्ण्याची मुलगी, पाठकांची सून. गुरू शूद्र म्हणून नवऱ्याचा मार खाल्लेली, गावाने वाळीत टाकायची भाषा ऐकलेली. तिला हा ग्रंथ पंडिती वादासाठी नको होता. बारा वर्षांची असताना अंथरुणावर पडून विचारलेल्या मी कोण या प्रश्नाचाच तो पुढचा भाग होता. देह म्हणजे मी नाही, कूळ म्हणजे मी नाही. आणि मग, बाईचा देह म्हणजे तरी मी कशी? हे शेवटचं ती स्पष्ट म्हणते असं नाही, पण तिचे अभंग एकामागे एक वाचत गेलं की तिची पावलं तिकडे पडताना दिसतात. तरुणपणी बाईपणाचं रडणं आहे, ते उतारवयात विरळ होत जातं.

दुसरी गोष्ट तिच्या गुरुपरंपरेची. आपल्या मागे कोण कोण उभे आहेत याची नावं तिने सांगितली आहेत. आदिनाथापासून मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानेश्वर, मग सच्चिदानंद आणि असं करत पुढे चैतन्यांची नावं घेत तुकोबांपर्यंत. शेवटी ती स्वतः. यातला सच्चिदानंद म्हणजे ज्ञानेश्वरी लिहून घेणारे नेवाशाचे सच्चिदानंद बाबा, असं परंपरा मानते. ज्ञानेश्वरी नेवाशाला प्रवरेच्या काठी १२९० साली पुरी झाली. तीच प्रवरा आमच्या कोल्हारवरून, भगवतीच्या देवळाजवळून वाहत खाली नेवाशाला जाते. पुलावरून एस.टी.तून जाताना आपण तिच्याकडे पाहतोही, पण या नात्याची आठवण सहसा होत नाही. संतांच्या कार्याची इमारत ज्ञानदेवांनी पाया घातलेली आणि तुकोबांनी कळस चढवलेली, ही प्रतिमा तर घराघरांत माहीत आहे. ती बहिणाचीच, हे सांगितलं की अजून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. आपल्या परंपरेचं एवढं स्पष्ट चित्र काढणाऱ्या बाईचं स्वतःचं नाव मात्र त्या चित्राखाली वाचलं जात नाही!

वयाच्या बहात्तराव्या वर्षी, १७०० साली, शिऊरला तिला आपला शेवट जवळ आल्याचं जाणवलं. मुलगा विठ्ठल तेव्हा गावाला नव्हता. तिने त्याला बोलावून घेतलं. तो आल्यावर तिने जे सांगितलं ते मोठं विलक्षण आहे. तिने आपले मागचे बारा जन्म सांगितले. कुठल्या घरात जन्म झाला, लग्न झालं की नाही, कुणाची सेवा केली, कुठे अडकले, काय अपुरं राहिलं. घरं वेगवेगळी, जाती वेगवेगळ्या. जन्म मात्र दरवेळी बाईचाच. बाराही वेळा. आणि हा तेरावा.

पुनर्जन्म मानणं न मानणं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मी त्यात पडत नाही. पण म्हातारी बाई मरणाच्या दारात मुलाला काय सांगते याकडे जरा बघा. आपल्याकडे अशा वेळी दागिने कुणाला, शेताचा तुकडा कुणाला, धाकटीकडे लक्ष ठेव, हे सांगितलं जातं. तेही खोटं नाही, तेही लागतंच. बहिणाने मुलाला आपण कोण होतो ते सांगितलं. आई म्हणून तो तिला ओळखत होता. त्या आईच्या आत जी कुणी होती, बारा घरांतून भटकत आलेली, दरवेळी काहीतरी शोधत असलेली, तिची ओळख तिने मरण्याआधी करून दिली. किती आयांना हे जमतं? किती मुलं बसून ऐकतात? विठ्ठल बसला. त्याने प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. आणि बारा जन्मांत तिने कुठेही स्वतःला राणी, देवता, अवतार असलं काही म्हटलेलं नाही. साधी घरं, साध्या मुली. कुणी लवकर मेली, कुणाचं साधन अर्ध्यावर राहिलं. पुढचा जन्म मात्र आता नाही, हा शेवटचा, असं तिने शांतपणे सांगितलं. कोल्हापुरात बेशुद्ध पडलेल्या त्या मुलीला बाईचा जन्म म्हणजे शिक्षा वाटली होती. शेवटच्या दिवशी तेरा जन्म बाई म्हणून काढलेली ही म्हातारी त्यांची तक्रार करत नाही, फक्त मोजते.

शिऊरच्या घरी आणि गावात तिचे अभंग जपले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते छापून आले. १९२९ साली जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने ते इंग्रजीत नेले. मराठी संतांच्या चरित्रांवर या माणसाने आयुष्याची शेवटची वर्षं खर्च केली. त्यामुळे बहिणाचं नाव परदेशातल्या विद्यापीठांत पोचलं. तिथे बायकांच्या आत्मकथांचा अभ्यास करणाऱ्यांना ती माहीत असते आणि आपल्याकडे शेजारच्या तालुक्यातल्या बाईला नसते, असं व्हायला नको.

शिऊर आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या वैजापूर तालुक्यात आहे. तिथे बहिणाबाईंची समाधी आहे, मंदिर आहे. आमच्याकडून जायचं तर श्रीरामपूर, वैजापूर करत जाता येतं. वाटेत गोदावरी ओलांडावी लागते. पुणतांब्याकडून गेलात तर चांगदेवांची समाधीही होईल. चौदाशे वर्षं जगले अशी ज्यांची ख्याती, त्या चांगदेवांनीही शेवटी गुरू मानलं ते मुक्ताबाईला, एका लहान मुलीला. सराला बेटाच्या सप्ताहाला आपल्या भागातून हजारो बायका जातात, तिथून शिऊर काही फार लांब नाही. पुढच्या खेपेला गाडी केलीत तर ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. आणि तिचे अभंग मिळाले तर सुरुवातीपासून क्रमाने वाचा, मधलंच पान उघडू नका. देवगावापासून, त्या तीन वर्षांच्या नवरीपासून वाचा.